दौड सर्वांची, मधुमेहींचीही

जबलपूरच्या नेपियर टाऊनमध्ये डॉक्टरांच्या पाट्या जागोजागी दिसतात आणि इथल्या भंवरताल उद्यानात सकाळी फिरायला येणारेही पुष्कळ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा वस्तीत 5 किलोमीटरची दौड ठेवली, तर मधुमेह असलेले लोक त्या परिसरात असणारच. प्रश्न एवढाच, की ते नाव नोंदवतील का. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो, पण चारचौघांत साखर उतरली तर काय, ही धास्ती पाय मागे खेचते. ती कमी करणं आयोजकांच्या हातात आहे आणि त्याला फारसे पैसेही लागत नाहीत.

साखर का उतरते

धावताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. त्यातच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली असेल, तर साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. मांडीत नुकतंच घेतलेलं इन्सुलिन पळताना आणखी लवकर भिनतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फारच कमी.

लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. पण घाम आणि धडधड धावणाऱ्या प्रत्येकालाच असते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर-धडधड जाणवतच नाही. म्हणून कुणी अडखळत असेल, असंबद्ध बोलत असेल, विनाकारण चिडत असेल, तर ‘दमलाय’ म्हणून सोडून न देता स्वयंसेवकाने थांबवून विचारावं.

वेळेवर सुरुवात

माझ्या मते सगळ्यात मोठी सोय हीच. इन्सुलिन घेणारा माणूस सहाची दौड धरून पहाटेचं खाणं आणि डोस यांचा हिशेब बसवतो. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, मग चार भाषणं, आणि झेंडा हलला पावणेसातला, की तो हिशेब कोलमडतो. सत्कार आणि भाषणं दौडीनंतर ठेवा. उशीर टळणारच नसेल, तर तसं आधी जाहीर करा आणि सुरुवातीच्या रेषेपाशीही ग्लुकोज ठेवा.

टाइप 1 असलेल्यांसाठी तज्ज्ञांनी 2017 मध्ये सुचवलेला अंदाज असा: सुरुवातीला साखर 126 ते 180 च्या दरम्यान असावी, 90 च्या खाली असेल तर आधी 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्यावं. डोस किती कमी करायचा, हे मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

फॉर्म आणि नियम

मधुमेह आहे म्हणून प्रवेश नाकारणं हा तर अन्यायच. वसीम अक्रमला 1997 मध्ये टाइप 1 मधुमेह झाला आणि तो 2003 पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत राहिला. आजाराची माहिती ऐच्छिक ठेवा, ती फक्त वैद्यकीय पथकाकडे जाईल असं लिहा. बिबच्या मागच्या बाजूला औषधं आणि घरच्यांचा फोन लिहायला जागा द्या. पुढच्या बाजूला कोणतीही खूण नको.

कमरेची पिशवी, सुई, फोन यांना मनाई करू नका. दंडावर सेन्सर लावणाऱ्याला साखरेचा आकडा फोनवरच दिसतो. साखर तपासायला थांबलेल्या माणसाला वेळ संपली म्हणून बाद करू नका. आणि 5 किलोमीटर चालत पूर्ण करणाऱ्यालाही तेच पदक मिळू द्या.

पाण्याच्या टेबलावर

इथे गफलत होते ती ओआरएसची. एका लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं जेमतेम 13.5 ग्रॅम, म्हणजे एका पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. उतरलेली साखर सावरायला सुमारे 15 ग्रॅम लागतं. चॉकलेट किंवा तिळाचा लाडूही कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळूहळू चढते. व्होग्लिबोजची गोळी घेणाऱ्याला साधी साखरही उशिरा लागू पडते. तेव्हा टेबलावर ग्लुकोज पावडरच हवी, 15 ग्रॅमच्या पुड्या बांधून. एक पुडी पाण्यातून द्यायची, बसवायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, गरज पडली तर दुसरी द्यायची. साखर सावरली तरी पुढे धावण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारून.

स्वयंसेवकांना एक गोष्ट आदल्या दिवशीच बजावून सांगा: ‘तुम्हाला मधुमेह आहे ना, मग गोड कसं देऊ?’ असं म्हणून कुणाला अडवायचं नाही. त्या क्षणी गोड हेच औषध असतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

तपासणीच्या टेबलावर हात धुवायला पाणी ठेवा. बोटाला ग्लुकोज लागलेलं असलं तर आकडा खोटा चढतो. जबलपूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे ग्लुकोमीटर उघड्यावर गारठला तर तो चालतही नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेला बरा.

दौड संपल्यावर

पोहे-जिलेबी इथे हवीच, आणि जबलपूरची खव्याची जिलेबी तर नावाजलेली. ती जरूर ठेवा. सोबत मोड आलेली उसळ, उकडलेली अंडी, साखर न घातलेला चहाही ठेवा. ताटात कोण काय घेतो यावर मात्र कुणी शेरा मारू नये. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यभर ते ऐकावं लागतं.

बसण्यासाठी थोडी सावली आणि खुर्च्या असाव्यात. पायांना बधिरपणा असलेल्यांना फोड आलेला कळत नाही, तेव्हा बूट काढून तळवे डोळ्यांनी पाहायला सांगा.

इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांना एक सांगणं. दौडीचा परिणाम 24 तासांपर्यंत राहू शकतो आणि साखर झोपेतही उतरते. त्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासा, ग्लुकोज उशाशी ठेवा आणि घरच्यांना तसं सांगून झोपा.