दिसतो बारीक, असतो जाड!

जिमचं तोंड न बघताही स्लिम राहणाऱ्या मित्राचा हेवा वाटतो? जरा थांबा. त्याच्या (आणि कदाचित तुमच्याही) शरीराचा हिशोब ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सुरू झालेलाच नाही. तो सुरू झालाय शिरूर-दौंडकडच्या एखाद्या कोरडवाहू शेतात, तुमच्या जन्माच्याही आधी...

प्रत्येक ऑफिसात असा एक नमुना असतोच. सकाळी मिसळ, दुपारी बिर्याणी, रात्री डेडलाइनच्या नावाखाली पिझ्झा. तरी पठ्ठ्याची जीन्स कॉलेजातलीच! बाकीचे बिचारे काकडी चघळत त्याच्याकडे बघत बसतात. 'तुझं बरंय बाबा, तुला काही लागतच नाही!' आणि मग एक दिवस कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट येतो. वजन ६२, बीएमआय अगदी नॉर्मल. आणि उपाशीपोटी साखर? ११८! वय फक्त तीस.

हे कसं काय बुवा? या प्रश्नाचं उत्तर शोधणारं जगातलं एक महत्त्वाचं संशोधन आपल्या पुणे जिल्ह्यात झालंय, अजूनही चालू आहे. आणि आपल्यापैकी फार कमी जणांना त्याचा पत्ता आहे.

दोन डॉक्टर, एक फोटो

२००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीशीर फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीनं दोघंही फिट. पण स्कॅन करून अंगातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

या दोघांनी स्वतःची थट्टाही करून घेतली. एक जण मॅरेथॉन पळणारा, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं! पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक शक्यता मांडली होती. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. म्हणजे फरक फक्त पळण्या-न पळण्याचा नसेल, आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांचाही असेल.

हा नुसता अंदाज नव्हता. त्यामागं तोवर दहा वर्षांचं काम उभं होतं. आणि ते झालं होतं पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरच्या सहा गावांत.

चला शिरूरला

आपल्यासाठी नगर रोड म्हणजे ट्रॅफिक, वाघोली आणि रांजणगावचा गणपती. पण कोरेगाव भीमाच्या पुढं डावीकडं वळलं की वढू बुद्रुक लागतं. संभाजी महाराजांची समाधी असलेलं हे गाव आरोग्याच्या जगातही ओळखलं जातं. डॉ. बानू कोयाजी यांनी केईएमचं काम शहराबाहेर काढून इथं आणलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा या कामाचाही गौरव झाला.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी'ची सुरुवात झाली. याज्ञिकांच्या ओपीडीत येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे पन्नाशीचे आणि ढेरपोटे नव्हते. ते तरुण होते, बारीक होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर सांगत होते की जन्मतः कमी वजनाच्या माणसांना पुढं मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतात. मग ठरलं, सुरुवातीपासूनच बघायचं. अगदी गर्भ राहायच्याही आधीपासून!

काम सोपं नव्हतं. दोन हजारांवर विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जायचं, पाळीची तारीख टिपायची, दिवस गेले की आहार, काम, रक्त, सगळं मोजायचं. या होणाऱ्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या. वजन किती? ४२ किलो! आपल्या ऑफिसातल्या डाएटवाल्या मुलींचंही यापेक्षा जास्त असेल.

बाळं जन्मली. सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून कमी. इथवर सगळं अपेक्षित होतं. धक्का पुढं बसला. बाळांच्या पाठीवरची त्वचा चिमटीत धरून त्याखालची चरबी मोजली, तेव्हा ती मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकी! स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी शाबूत. याला नाव पडलं 'थिन-फॅट बेबी'. दिसायला बारीक, आतून जाड. जन्मल्या दिवसापासून.

पोटातलं बजेट

असं का होत असेल? आपल्या भाषेत सांगायचं तर पगार कमी आणि खर्च भरपूर, असं झालं की आपण काय करतो? आधी घरभाडं भरतो, मग किराणा, आणि ट्रिप रद्द करतो. पोटातलं बाळही तेच करतं. अन्नपुरवठा तुटपुंजा असला की आधी मेंदू वाचवायचा. काटछाट होते ती स्नायू, मूत्रपिंडं आणि स्वादुपिंडात. हे स्वादुपिंडच पुढं आयुष्यभर इन्शुलिन तयार करणार असतं. म्हणजे फॅक्टरीच लहान बांधली गेली. गरिबीत, कष्टात आयुष्य गेलं तर ती कशीबशी पुरते. पण त्याच शरीराला बर्गर, खुर्ची आणि नाइट शिफ्ट मिळाली की मागणी वाढते आणि फॅक्टरी धापा टाकते.

ही १९९४ ते ९६ या काळात जन्मलेली मुलं. आज तिशीच्या आसपास. म्हणजे आपल्याच वयाची! संशोधकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा पुन्हा तपासलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष झोप उडवणारा आहे. अठराव्या वर्षी साधारण २९ टक्के मुलांची साखर नॉर्मलच्या वर होती. मुलग्यांमध्ये ३७ टक्के, मुलींमध्ये १८ टक्के. आणि यातली निम्मी मुलं तर चक्क अंडरवेट! साखर वाढण्याची चिन्हं अनेकांमध्ये सहाव्या वर्षीच दिसत होती. जाड व्हायची वाट बघत बसलो तर उशीर होतो, तो असा.

आज्जीचा हिशोब

माझं आजोळ दौंड तालुक्यातलं. शिरूरहून न्हावरे, पुढं केडगावच्या बाजूला. आता रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस आणि गुऱ्हाळं दिसतात. पण आज्जी सांगते ते दौंड वेगळंच. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. खायला लाल मिलोची भाकरी आणि वाटलेली सुकडी. त्र्याहत्तर साली आई जन्मली. म्हणजे ते सगळे महिने आई पोटात!

मी विचारलं, 'आज्जी, अशा दिवसांत तुला कुणी आराम कर नाही म्हटलं?'

'आराम? अगं, पोटुशी हाय म्हणून हीर काय दारात चालत येती व्हय?'

'आणि जेवण?'

'आधी गडीमाणसं, मग पोरं, मग सासू. उरलं तर आपण. आन् पोटुशी बाईनं बेतानंच खावं म्हणायचे. ल्योक मोठं झालं तर अडतंय ना बाळंतपणात.'

ती हसत हसत बोलत होती, मला मात्र संशोधनातली वाक्यं आठवत होती. कारण या सहा गावांत नेमकं हेच दिसलं होतं. विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं यांचा बोजा जितका जास्त, तितकं बाळ लहान. आणि बाळाचं वजन आईनं किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध होतं का, याच्याशी जास्त जुळलं.

आणखी एक गोष्ट ऐका. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची सगळी बीजांडं तयार होतात. म्हणजे ज्या बीजांडापासून मी झाले, ते आज्जी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटातल्या माझ्या आईत तयार झालं. आज्जीच्या अर्ध्या भाकरीवर एकाच वेळी तीन पिढ्या जगत होत्या!

उंदीर काय सांगतात?

माणसाच्या पिढ्या मोजायला शतकं लागतात, उंदरांच्या पटकन होतात. सिडनी विद्यापीठातले आनंदवर्धन हर्डीकर आणि पुण्यातले त्यांचे सहकारी (याज्ञिकही त्यात होते) यांनी २०१५ साली एक जबरदस्त प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तब्बल पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवल्या. काय झालं? पिल्लं जन्मतः कमी वजनाची, पण पोटातल्या अवयवांभोवती चरबी जास्त. इन्शुलिनला दाद न देणारी. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी. आणि मधुमेह होण्याचा धोका नेहमीच्या उंदरांच्या आठपट. ओळखीचं वाटतंय ना वर्णन?

मग या उंदरांना दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं. तरी बिघाड गेला नाही. इन्शुलिनच्या जनुकाभोवतीच्या रासायनिक खुणा तशाच राहिल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण एका पिढीत सुबत्ता आली की शरीर मागचं सगळं विसरतं, या भाबड्या समजुतीला यानं तडा गेला.

हरवलेलं बी-१२

त्या गावांमधल्या साधारण दोन-तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रतिकार सर्वांत जास्त आढळला.

'गावाकडं असणारच' असं म्हणून पान उलटू नका! २००६ साली याज्ञिकांच्या टीमनं पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. आणि सर्वांत वाईट कोण? शहरी मध्यमवर्ग, ८१ टक्के! (माझा स्वतःचा रिपोर्ट १४२ आलाय. लॅबचा नॉर्मल आकडा दोनशेच्या वर सुरू होतो.)

कारण साधं आहे. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही, ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाय-म्हैस-शेळी चारा खाऊन रवंथ करते, तिच्या पोटातले जिवाणू बी-१२ तयार करतात आणि ते दूध-मांसातून आपल्यापर्यंत पोचतं. आपल्या पोटात ती सोय नाही. त्यामुळं शाकाहारी माणसानं दूध-दही टाळून ब्लॅक कॉफीवर दिवस काढला, तर बी-१२ येणार कुठून?

लग्नानंतर नाही, आधी!

मग आता काय, कपाळावर हात मारून बसायचं? अजिबात नाही. २०१२ पासून त्याच गावांतल्या त्याच मुलामुलींना, म्हणजे उद्याच्या आईबापांना, रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन बघितलं गेलं. या प्रयोगाचं नाव 'प्रिया'. यातल्या मुली पुढं आया झाल्या. बी-१२ घेतलेल्या आयांची बाळं दोन ते साडेतीन वर्षांची असताना समज आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली. बाळांची संख्या थोडी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

मुंबईच्या वस्त्यांमध्येही असाच एक प्रयोग झाला. गर्भ राहायच्या आधीपासून बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही, पण गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. एका खाऊनं!

थोडक्यात काय, तर डोहाळजेवणाच्या ताटाला थोडा उशीरच झालेला असतो. खरं ताट वाढायचं ते मुलगी शाळा-कॉलेजात असताना. आपण 'फॅमिली प्लॅनिंग' म्हणतो तेव्हा फ्लॅट, ईएमआय आणि ऑनसाइट यांचा विचार करतो. त्या यादीत हिमोग्लोबिन आणि बी-१२ किती जणांच्या असतं? दोघांच्याही! आणि आपल्या घरी काम करायला येणाऱ्या ताईंची सोळा वर्षांची मुलगी सकाळी काय खाऊन कॉलेजला जाते, हे आपण कधी विचारलंय? पुढच्या पिढीची शुगर तिच्या डब्यात ठरतेय.

हे आजच करा

• वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ नाही, २३ आहे.

• जन्माच्या वेळी वजन किती होतं, ते आईला विचारा. अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बारीक असलात तरी शुगर तपासा.

• नुसतं चालू नका, स्नायूही कमवा. साखर सर्वांत जास्त तेच वापरतात.

• शाकाहारी असाल तर रोज दूध-दही-ताक घ्या आणि बी-१२ तपासून घ्या. गोळ्या-इंजेक्शनं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

• बाळाचा विचार चालू असेल तर तपासण्या आधी, गुड न्यूज नंतर!