विश्लेषण : ‘कृषिदूत’ ते कृषी शास्त्रज्ञ... इंटर्नशिपने सरकारी संशोधनाची वाट सोपी होते का?

पावसाळा सुरू झाला की गावोगावी बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवणारे, रांगोळीने गावाचा नकाशा काढणारे ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ दिसू लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातील या कामामुळे सरकारी संशोधन संस्थेची दारे उघडतात, असा अनेक पालकांचा समज असतो. तो कितपत खरा?

हा कार्यानुभव नेमका काय?

बीएस्सी (कृषी) अभ्यासक्रमात ग्रामीण कार्यानुभव अनिवार्य आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजेच ‘आयसीएआर’च्या २०१५मधील ‘स्टुडंट रेडी’ उपक्रमात त्याला उद्योगातील प्रशिक्षण, अनुभवाधारित शिक्षण आणि विद्यार्थी प्रकल्प यांची जोड मिळाली. विद्यार्थी गावात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा प्रक्रिया उद्योगात काम करतात.

त्यातून थेट नोकरी मिळते का?

नाही. ‘आयसीएआर’च्या शास्त्रज्ञांची निवड १९७३मध्ये स्थापन झालेले कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ करते. त्यासाठी संबंधित विषयात पीएच.डी. लागते. शिवाय पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे टप्पे पार करावे लागतात. इंटर्नशिप केली म्हणून यातील एकही टप्पा टळत नाही.

मग उपयोग काय?

खरा उपयोग विषय निवडताना होतो. शास्त्रज्ञपदासाठी अर्ज उच्च शिक्षणाच्या विषयाशी जुळणाऱ्या शाखेतच करता येतो. केवळ प्रवेश मिळाला म्हणून घेतलेला विषय पुढे अडचणीचा ठरतो. मांजरीचे द्राक्ष, सोलापूरचे डाळिंब, राजगुरुनगरचे कांदा-लसूण किंवा नागपूरचे कापूस आणि लिंबूवर्गीय फळे अशी ‘आयसीएआर’ची संशोधन केंद्रे राज्यातच आहेत. तिथे काही आठवडे काढले, तरी रोगशास्त्र, कीटकशास्त्र की वनस्पती पैदास यांपैकी आपला कल कशाकडे, हे उमगते. चाचणी प्रयोगांची आखणी आणि नोंदी ठेवण्याची सवय पुढे प्रबंधातही कामी येते.

मधल्या पायऱ्या कोणत्या?

संशोधन प्रकल्पांत ‘यंग प्रोफेशनल’ किंवा कनिष्ठ संशोधन अधिछात्र अशी कंत्राटी पदे निघतात. अनेकदा थेट मुलाखतीने भरती होते. तिथे प्रत्यक्ष कामाचा अनुभव उपयोगी पडतो. मात्र प्रकल्प संपला की कामही संपते. कायम नेमणुकीचा हक्क त्यातून मिळत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत संशोधन सहायकांची पदे असतात. ती जाहिरातीनुसार स्वतंत्र भरतीतून भरली जातात.

त्रुट कुठे राहते?

ग्रामीण कार्यानुभवाचा भर विस्तारकार्यावर आहे, संशोधनावर नाही. त्यातही छायाचित्रे आणि अहवालापुरती प्रात्यक्षिके उरकली, तर हाती प्रमाणपत्राशिवाय काही उरत नाही. त्यामुळे संशोधनाकडे जाऊ इच्छिणाऱ्याने विद्यार्थी प्रकल्पासाठी शेवटच्या वर्षाआधीच मार्गदर्शक आणि केंद्र शोधणे हिताचे ठरते. इंटर्नशिप परीक्षेला पर्याय नाही. पण कोणत्या विषयाची परीक्षा द्यायची, हे तिथेच कळू शकते.