ऊब ओळखणारा जंतु

शीतकपाटांत ठेवलेलें अन्न निर्धोक असतें हा आपल्या घरोघरचा ठाम समज. आणि बहुतेक जंतूंपुरता तो खोटाहि नाहीं. परंतु लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस नांवाचा जंतु त्या गारठ्यांतहि संथपणें वाढत राहतो. १९८१ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत त्यानें ४१ जणांना गांठलें. पैकीं ३४ ठिकाणीं रोग गर्भवतींना वा त्यांच्या अर्भकांना जडला होता. कारण निघालें कोबीची कच्ची कोशिंबीर! कोबीच्या शेतांत मेंढ्यांचें खत घातलेलें होतें, त्याच शेतकऱ्याच्या दोन मेंढ्या या रोगानें दगावल्या होत्या, आणि काढलेले गड्डे पुढें थंड कोठारांत पडून होते. ज्या थंडीनें भाजी टिकविली तिनेंच जंतूलाहि सांभाळलें.

मौज अशी कीं, मातींत व कुजक्या पाल्यांत हाच जंतु कोणाच्या वाटेस न जातां राहतो. मग आपण मनुष्याच्या देहांत शिरलों, हें त्याला कळतें कसें? त्याच्या बहुतेक मारक जनुकांवर पीआरएफए या एका प्रथिनाची हुकमत चालते. तें प्रथिन घडविण्याचा हुकूम आरएनएच्या साखळीवर लिहिलेला असतो. ३० अंशांपर्यंत ही साखळी स्वतःवरच दुमडून बसते; हुकुमाचा आरंभ घडींत झांकला जातो आणि प्रथिनें घडविणाऱ्या रायबोसोमांना तो वाचतां येत नाहीं. ३७ अंशांस, म्हणजे आपल्या शरीराच्या उबेला, थिजलेलें तूप पातळ व्हावें तशी ती घडी सैल पडते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील विदुषी पास्काल कोसार व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं हें दाखवून दिलें. त्यांनीं तीच घडी दुसऱ्या जातीच्या जंतूंत, एका चमकणाऱ्या प्रथिनाच्या हुकुमापुढें जोडली. ३० अंशांवर ते जंतु निस्तेज राहिले, ३७ अंशांवर हिरवे चमकूं लागले! इतका बोलका पुरावा क्वचितच हातीं येतो.

ऊब हा एकच इशारा नव्हे. पेशींत शिरल्यावर ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य त्या प्रथिनाला चिकटून त्यास अधिक जोर आणतें.

आईला बहुधा थोडा ताप व अंगदुखी एवढेंच होतें. गर्भ मात्र दगावूं शकतो. म्हणून घरांत गर्भवती सून वा लेक असेल तर न तापविलेलें दूध किंवा कालची कोशिंबीर तिच्या पानांत वाढूं नये. उरलेलें अन्न द्यावयाचें तर तें आंतपर्यंत वाफाळेल असें तापवावें. ७० अंशांवर दोन मिनिटें राहिलेल्या अन्नांत हा जंतु तगत नाहीं.