कोरा गोल

बँकेत असताना संध्याकाळी कॅश टॅली करताना एका रुपयाचा जरी फरक आला, तरी तो सापडल्याखेरीज कुणी घरी जात नसे. परवा नातीची सरावाची उत्तरपत्रिका तपासताना ते दिवस आठवले. ‘नीट’चा २०२५ चा हिशेबही असाच कडक होता : प्रश्न १८०, मिनिटे १८०, गुण ७२०, पैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा, सोडलेल्याला शून्य.

नातीने सात गोल कोरेच ठेवले होते. मी म्हटले, ‘‘अगं, अंदाजाने तरी भरायचे!’’

‘‘आजोबा, उद्या पेशंटलाही अंदाजाने औषध देऊ?’’

मी लाल पेन खाली ठेवले. प्रवेशाचे काय व्हायचे ते होवो. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या या मुलीच्या हाती मी माझी नाडी खुशाल देईन.