सड्यावरची गोष्ट

गुडघा खरचटला? बघू. काही नाही रे, जांभा दगड आहे तो, मुंबईच्या पाहुण्याला एकदा तरी ओरबाडतोच. ये, गडग्यावर बस.

हा चिरा बघ, नुसती भोकंच भोकं. ही पावसाची करणी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजून काळा कातळ झाला. त्यावर लाखो वर्षं पाऊस कोसळला. विरघळेल ते धुपून गेलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढे चिकटून राहिले. लोखंड गंजलं, म्हणून हा लाल. तुझ्या गुडघ्यावरची धूळ म्हणजे गंजच.

जमिनीत हा मऊ असतो. चिरेखाणीत करवतीचं मशीन सरळ कापत जातं. बाहेर काढला की वारा लागून घट्ट होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हेच पाहिलं आणि 1807 साली त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपलं घर म्हणजे न भाजलेल्या विटांचं!

पण दगड मोठा कोरडा हो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर. चाळणीत पाणी टिकेल कसं? ही हापूसची बाग करताना तुझ्या पणज्याने सुरुंग लावून खड्डे काढले, डोक्यावरून माती आणून भरली, मग कलमं लावली. पेटीचा भाव सांगताना हे कोणी धरत नाही.

श्रावणात ये. हा सपाट कातळाचा सडा निळा-जांभळा होतो, 'सीतेची आसवं' फुलतात. नाव गरीब, पण झाड शिकारी! खाली ओल्यात इवल्या पिशव्या असतात. किडा दाराशी चाचपडला की पिशवी पाण्यासकट त्याला आत ओढते, तुझी पापणी लवायच्या आत. करणार काय, या कातळात खायला आहेच काय?

आणि याच कातळावर कोणीतरी चित्रं कोरलीत. उक्षी गावात हत्ती आहे. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा, की त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं मावलीत. कुठे गेंडासुद्धा आहे, कोकणात आज औषधालाही नसलेला! 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधी आम्ही त्यांवरून गुरं हाकत होतो.

उद्या उक्षीला जाऊ. पहाटेच निघायचं. ऊन डोक्यावर आलं की रेषा दिसत नाहीत. तिरपं ऊन हवं. आणि बूट घाल, चप्पल नको.