रसदीचे पानिपत

सियाचेनमधील जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बर्फातील विशेष बूट मिळाले नाहीत. जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले, असा ठपका 'कॅग'ने ठेवला होता. तो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला, लडाखमध्ये हजारो जादा सैनिकांना हिवाळा काढावा लागला आणि कडाक्याच्या थंडीचे कपडे घाईघाईने अमेरिकेकडून घ्यावे लागले. क्षेपणास्त्रे आणि अणुपाणबुडी बांधणारा देश बूट आणि कोटापाशी अडला. राफेलवरून दिवसचे दिवस कामकाज बंद पाडणाऱ्या लोकप्रतिनिधींना त्याचे फारसे सोयरसुतक वाटले नाही.

ही अडचण नेमकी कुठे आहे, हे राजधानीपासून ९० किलोमीटरवरील पानिपतमध्ये दिसते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विस्थापित विणकरांनी या शहराचा हातमागाचा व्यवसाय वाढवला. लष्कराच्या बराकींना लागणाऱ्या ब्लँकेटांचा पुरवठा हे गाव गेली अनेक वर्षे करत आले आहे. माग इथले, कारागीर इथले, मालकही इथलेच. कागदोपत्री याहून अधिक स्वदेशी वस्तू शोधूनही सापडणार नाही.

मात्र धाग्याचा माग काढत गेले की चित्र बदलते. पानिपतचा दुसरा मोठा धंदा चिंध्यांचा. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी जहाजातून येतात. बायका त्यांची बटणे आणि चेन कापून काढतात, रंगांनुसार ढीग लावतात. त्यामुळे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. मग ते फाडून, पिंजून त्यांचे 'शॉडी' सूत काततात. भूकंप-पुरात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे याच सुताची. नवी लोकर वापरायची म्हटले तरी परावलंबन सुटत नाही. आपल्या मेंढ्यांची लोकर बहुतांशी जाडीभरडी. धनगराच्या घोंगडीला आणि गालिच्याला चालते, अंगाला लागणाऱ्या मऊ कापडाला नाही. ती प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून येते. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्याला लागणारे टेरेफ्थॅलिक आम्ल इंडियन ऑइलच्या पानिपत संकुलातच तयार होते. पण त्या प्रकल्पाच्या तेलालाही समुद्रच ओलांडावा लागतो.

संरक्षण मंत्रालयाचे मोजमाप मात्र किमतीच्या टक्क्यांत चालते. २०२० च्या संपादन प्रक्रियेनुसार सर्वोच्च स्वदेशी वर्गात बसण्यासाठी किमान निम्मे मूल्य देशी असावे लागते. हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. एखादा तंतू, रसायन वा चुंबक किमतीत दोन टक्क्यांचा असेल. तो अडला की उरलेले ९८ टक्के गोदामात पडून राहतात. युक्रेन युद्धात युरोपने हेच अनुभवले. तोफगोळ्यांच्या प्रणोदकासाठी नायट्रोसेल्युलोज लागते, ते सरकीवरच्या आखूड तंतूपासून बनते आणि त्या तंतूसाठी युरोप बव्हंशी चीनवर अवलंबून निघाला. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीशेजारी विदर्भाचा कापूस पिकतो, हे आपले सुदैव. त्यात धोरणाचा वाटा कमी.

पानिपतात हा विषय निघावा, यात इतिहासाचा योगायोग आहे. 'पानिपत होणे' म्हणजे पराभव, एवढेच मराठी माणसाच्या लक्षात राहिले. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधीच लढाईचा निम्मा निकाल लागला होता. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेऊन तिथला धान्यसाठा हस्तगत केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीचा रस्ता तोडला. डिसेंबरमध्ये दुआबातील गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली आशाही संपली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा शाबूत होत्या. उपाशी होते ते त्यांच्यामागचे सैन्य.

आकडे मोठे आहेत, हे मान्य करावे लागेल. २०२४-२५ मधील संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांवर आणि निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. ऑगस्ट २०२० ते ऑक्टोबर २०२३ या काळात आयातबंदीच्या पाच याद्यांत ५०९ वस्तू आल्या. त्यांच्या मथळ्यांच्या गजरात दुसऱ्या याद्या झाकोळल्या. सार्वजनिक संरक्षण उपक्रमांसाठी २०२१ ते २०२४ या काळात निघालेल्या या याद्यांत सुटे भाग, जुळणीचे घटक आणि कच्चा माल अशा ५,०१२ वस्तू आहेत. साखळीची खरी परीक्षा तिथे आहे, आणि त्या वस्तू बनवणारे बहुतेक उद्योग लहान आहेत.

लहान उद्योजकाला देशभक्तीच्या घोषणांपेक्षा मागणीची शाश्वती हवी असते. एका वर्षी निविदा निघते, पुढची दोन वर्षे शुकशुकाट, मग सर्वांत कमी दरवाल्याला काम. अशा अवस्थेत नव्या तंतूसाठी यंत्र कोण बसवणार? कपडे, दारूगोळा, सुटे भाग यांची महसुली खरेदी ज्या नियमांनी चालते, ती पुस्तिका २००९ ची होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी लागू झाली. पूर्वीच्या आयुध निर्माणी मंडळाचे ना हरकत पत्र घेतल्याशिवाय इतरत्र खुली निविदा काढता येत नसे. मंडळ २०२१ मध्येच विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, अट मात्र राहिली होती. ती आता गेली. स्वदेशी विकासाच्या काळात विलंबाचा दंड नाही आणि पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या मागणीची हमी देता येईल, अशीही तरतूद आहे.

'देता येईल' या दोन शब्दांत सगळे अडकले आहे. हमी देणारा अधिकारी पुढे लेखापरीक्षणाला तोंड देतो. न देणाऱ्याला कोणी विचारत नाही. अशा किती मागण्यांत पाच वर्षांची हमी प्रत्यक्ष लिहिली गेली आणि त्यांपैकी किती कच्च्या मालाच्या पायरीवरील होत्या, हा आकडा संरक्षणविषयक स्थायी समितीने अनुदानाच्या मागण्या तपासताना मंत्रालयाकडून मागून घ्यायला हवा.