ओढ्यातला पाचोळा जातो कुठे?

खंबाटकी घाटाच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कृष्णेकडे जातो आणि उत्तरेला, म्हणजे खंडाळ्याच्या अंगाला पडलेला नीरेकडे. या उत्तरेकडच्या ओढ्यांत मी काही वर्षे पाचोळ्याचा माग काढते आहे. साधने म्हणजे एक भिंग, एक पांढरे ताट, कांद्याच्या जाळीदार पिशव्या आणि मच्छरदाणीचे तुकडे. काठावरच्या करंज-उंबराचा पाला ओढ्यात पडतो तो जातो कुठे? ‘वाहून जातो’ हे उत्तर अर्धेच खरे आहे.

भिजलेल्या पानातून पहिल्या एक-दोन दिवसांत विरघळणारे पदार्थ निघून जातात. डबक्यातले पाणी चहासारखे होते ते यामुळेच. मग पानावर बुरशी चढते. इंगोल्ड या शास्त्रज्ञाने 1942 मध्ये ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या अशा बुरशींचे वर्णन केले. त्यांचे बीजाणू बहुधा चार हातांचे असतात, म्हणून वाहत्या पाण्यातही पानाला अडकतात. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत मंगळूर विद्यापीठाच्या के. आर. श्रीधर यांनी या बुरशींवर दीर्घकाळ काम केले आहे. आपल्याकडे ओढ्याला जो पांढरा फेस येतो, त्यात हे बीजाणू साठलेले सापडतात.

बुरशी लागली की पानातले प्रथिन वाढते. कौशिक आणि हाइन्स यांनी कॅनडात केलेल्या कामातून (1971) हे स्पष्ट झाले. नुसता कडबा आणि पेंड लावलेला कडबा यांतला फरक गुरांना कळतो, तसा तो पाण्यातल्या किड्यांनाही कळतो. ते मुरलेले पान निवडतात, शिरा सोडून मधला गर कुरतडतात. उरलेला चुरा आणि त्यांची विष्ठा खाली वाहत जाते; कॅडिस माशीच्या काही अळ्या दगडांत बारीक जाळी विणून ती गाळून खातात. या अळ्यांवर मासे जगतात.

पुस्तकांतले हे वर्णन मुख्यतः थंड देशांचे. तिथे शरदात पानगळ होते तेव्हा ओढा वाहता असतो. आपली पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलची, आणि तेव्हा ओढा कोरडा! पाला दगडांच्या बेचक्यांत, मुळांच्या जाळ्यात उन्हाने करपत पडून राहतो आणि पहिल्या पावसात एकदम भिजतो. वर्षाची शिदोरी एका लोंढ्याच्या स्वाधीन होते. ती थोपवली तरच मुरते.

दुसरा फरक खाणाऱ्यांचा. पान कुरतडणारे किडे उष्ण प्रदेशात अनेक ठिकाणी तुलनेने कमी असतात. तिथे हे काम बऱ्याच अंशी खेकडे करतात. खेकडा कोरड्या दिवसांत बिळात तग धरतो आणि पाणी आले की बाहेर पडतो, त्यामुळे आपल्या ओढ्याला तो सोयीचा. आपण त्याला कालवणापुरते ओळखतो, ही गोष्ट वेगळी.

मी एकाच झाडाची पाने दोन प्रकारे बांधून ठेवते: कांद्याच्या पिशवीत, जिच्यात किडे शिरतात, आणि मच्छरदाणीत, जिच्यात शिरत नाहीत. करंजाचे पान पहिल्या पिशवीत लवकर शिरांपुरते उरते, दुसरीत रेंगाळते. निलगिरीचे चिवट, तेलकट पान दोन्हींत टिकून राहते. गिरिपुष्प मात्र भराभर संपते.

आता खोलीकरणाबद्दल. पाणी अडावे, जिरावे याला माझा विरोध नाही; दुष्काळ आम्हीही पाहिला आहे. पण यंत्राने ओढा सरळ नळीसारखा कोरला की दगड जातात, काठचे उंबर-करंज जातात, खेकड्यांची बिळे जातात. पहिल्या लोंढ्यात थांबायला पाल्याला जागाच उरत नाही. अशा एका पट्ट्यात गजाला बांधलेली माझी पिशवी गाळात पुरली गेली. वर काढली तेव्हा पाने काळी, कुबट वासाची, पण जवळजवळ अखंड होती. शंभर-दीडशे पावलांवर, जिथे यंत्र पोहोचले नव्हते तिथे, त्याच दिवशी बांधलेल्या पिशवीत शिरांची जाळी आणि एक लहान खेकडा होता.